बॅटरीवरचा चेनसॉ घरच्या सरपणाला पुरतो का?

गोराईकर:
गोराई गावठाणात आमचं जुनं घर आहे. अंगणात आईचा तांब्याचा बंब अजून रोज पेटतो. वादळी पावसात कुंपणाजवळच्या आंब्याची मोठी फांदी पडली. रस्त्यावरचा भाग पालिकेच्या माणसांनी कापून नेला, बाकीचे ओंडके अंगणात पडून आहेत. जाड टोक १० इंचांचं, बाकी मनगटापासून पोटरीएवढं. कुऱ्हाड बाबा चालवायचे, आता त्यांचा खांदा उचलत नाही. पेट्रोलचं यंत्र नको, घराला घर लागून आहे आणि शेजारी तान्हं बाळ आहे. दुकानदार १२ इंची बारचा (बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी), २१ व्होल्टचा बॅटरीवाला दाखवतोय. दोन बॅटऱ्यांत दिवसभर चालेल म्हणतो. खरंच चालेल का?

मुलुंडचा फिटर:
दिवसभर नाही चालणार, दादा. २१ हा आकडा बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरचा असतो. आत लिथियमचे पाच सेल असतात, प्रत्येकी ४.२ व्होल्ट. काम करताना ती १८ व्होल्टचीच बॅटरी. व्होल्टवर जाऊ नका, वॉट-अवर काढा, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज साठते ते. ४ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर १८ गुणिले ४, म्हणजे ७२. ओल्या आंब्यात चेन रुतली आणि मोटरने ९०० वॉट ओढले, तर सलग कापायला पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत.

तेवढ्यावरून बाद करू नका. घरच्या कामात चेन फिरते थोडा वेळ. ओंडका ओढणं, टेकू देणं, तुकडे बाजूला करणं यातच जास्त वेळ जातो. मनगट ते पोटरी जाडीचं सरपण दोन बॅटऱ्यांत चांगलं निघतं, मी स्वतः काढतो. १० इंची बुंध्याला मात्र हे यंत्र कमी पडेल. जरा दाबलं की मोटर वाचवायला सर्किट बंद होतं. त्यासाठी १८ च्या दोन बॅटऱ्या एकदम लावून ३६ व्होल्टवर चालणारं यंत्र लागतं, आणि त्याची किंमत भारी.

माझं मत विचाराल तर वायरवाला घ्या. माल अंगणात पडलाय, प्लग पडवीत आहे, मग बॅटरीचे पैसे कशाला? २००० वॉटचं यंत्र ९ अँपिअरच्या आसपास ओढतं. १६ अँपिअरचा प्लग आणि २.५ चौरस मिलिमीटरची थ्री-कोर वायर हवी. टीव्हीच्या एक्स्टेन्शनवर अजिबात लावू नका.

दहिसरची बागवाली:
फिटरदादांचा हिशेब पटला, वायर नाही पटली. पावसाळ्यात गोराईतलं अंगण कोरडं असतं कधी? ओल्या जमिनीवर वायर पसरून चेन चालवायची म्हणजे जिवाशी खेळ. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवलेला नसेल तर विचारही करू नका. सोसायटीतल्या छाटलेल्या फांद्या मी बॅटरीच्या यंत्रानेच कापते, तीही उघडीप असताना. बॅटरी गरम असताना लगेच चार्जला लावत नाही. चेनचं तेल दर खेपेला बघते. तेल संपलं की बार तापतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. त्यात जळकं ऑईल ओतू नका, सगळं मातीत उतरतं.

ठेकेदाराकडचा:
झाडकटाईचं काम करतो म्हणून सांगतो. आवाज कमी आहे म्हणून हे यंत्र गरीब समजू नका. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र उसळून तोंडावर येतं. लाकडी घोडी करा, ओंडका दोन्ही बाजूंनी टेकवा, तुकडा घोडीच्या बाहेर ठेवून कापा. मधोमध वरून कापलात तर चीर मिटते आणि बार अडकतो. चष्मा, बूट हवेतच, गळ्यात पंचा नको. चेनला हात लावण्याआधी बॅटरी काढायची.
आणि यंत्र आलं म्हणून उभ्या झाडाला हात लावू नका. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. झाड धोकादायक वाटलं तर पालिकेच्या १९१६ या नंबरवर कळवा.

गोराईकर:
सगळ्यांचे आभार. आरसीसीबी नाही, त्यामुळे बॅटरीवालाच घेतो. १० इंची बुंधा माणूस बोलावून कापून घेतो. मागे नारळाचं एक पडलेलं खोडही आहे, ते याने निघेल का?

मुलुंडचा फिटर:
नारळाला लावू नका. त्याचा बाहेरचा थर फार टणक, चेन लवकर बोथट होते, आणि लांब तंतू कव्हरखाली गुंडाळून चेन अडकते. ते बुंध्याबरोबरच त्या माणसाकडून करून घ्या. आंबा आता ओला आहे तोवर कापा, वाळला की कठीण जाईल. ४ मिलिमीटरची गोल कानस लागेल बहुतेक, पण चेनच्या खोक्यावरचं माप बघूनच घ्या. ढलप्या पडायच्या थांबून नुसता पिठासारखा भुसा पडायला लागला की दाते घासायचे. तेव्हा जोर लावलात तर बॅटरी उगाच उतरेल.