डिबुकवर एकांकिका करायची आहे, सुरुवात कुठल्या चित्रपटापासून करू?

कृष्णाकाठची, सांगली

आमचा हौशी गट आहे. सगळे नोकरी-धंदा सांभाळून रात्री तालमीला येणारे. यंदा स्पर्धेसाठी डिबुकने, म्हणजे ज्यू लोकांच्या समजुतीतल्या भुताने, झपाटलेल्या मुलीची एकांकिका करायचं चाललंय. विषय डोक्यात बसला तो 2021 च्या हिंदी ‘डिबुक’मुळे: मॉरिशसला राहायला गेलेलं जोडपं, घरात आणलेली जुनी पेटी, तिच्यातून सुटलेला आत्मा. मग तो ज्याच्यावरून केला तो 2017 चा मल्याळम ‘एझ्रा’ही बघितला. पण या पेटीच्या मागे ज्यू लोकांची खरी दंतकथा काय आहे, ते दोन्हींतून हाताला लागत नाही.

दुसरं, मुलगी अलिबागकडची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, दाखवली तर भाषा आपसूक मराठी राहील, असा माझा विचार आहे. चालेल का?

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त सलतंय. गटातल्या दोघांना भूत उतरवण्याचा प्रसंग दणक्यात हवाय. मोकळे केस, मिरच्यांची धुरी, किंकाळ्या. आमच्या प्रेक्षकांत अजूनही पोरीला देवऋष्याकडे नेणारी घरं आहेत. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ज्या गावात ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, तिथं नाटक करताना लोक काय घेऊन घरी जातील याचा विचार करायलाच हवा, असं मला वाटतं.

अजिंक्यताऱ्याखालचा, सातारा

ताई, आधी ती पेटी बाजूला ठेवा. तिचा जुन्या दंतकथेशी संबंध नाही. 2003 मध्ये अमेरिकेत केव्हिन मॅनिस नावाच्या माणसाने दारूच्या बाटल्या ठेवायचं एक छोटं कपाट ईबेवर विकायला काढलं आणि सोबत झपाटल्याची गोष्ट जोडली. त्यावरून 2012 चा ‘द पझेशन’ निघाला आणि पेटी जगभर पोचली. 2021 मध्ये त्यानेच सांगितलं की गोष्ट आपण रचलेली होती.

मूळ समजुतीतला डिबुक हा मेलेल्या माणसाचा अडकलेला जीव. सोळाव्या शतकात आजच्या इस्रायलमधल्या गॅलिलीतल्या ‘सफेद’ नावाच्या गावी ज्यू गूढवादी इसहाक लुरिया आणि त्यांचे शिष्य हाईम विटाल यांच्या मंडळींत या समजुतीला आकार आला. त्यांच्याकडे पुनर्जन्माची कल्पना होती. ज्या जीवाला पुढची वाट मिळत नाही, तो जिवंत माणसात आसरा घेतो. उतरवताना दहा पुरुष जमतात, शोफार म्हणजे एडक्याचं शिंग फुंकतात. आणि मुख्य म्हणजे त्याला विचारतात, तू कोण, का आलास, तुझं काय राहिलंय. निघताना पायाच्या करंगळीतून नीघ असं बजावतात, म्हणजे त्या माणसाला इजा होऊ नये. आपल्या मुंजाचंही काही राहिलेलंच असतं, पण त्याला असं बसवून कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही.

तुम्ही 1937 चा यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला, ‘डिबुक’ बघा. पोलंडमध्ये मिखाउ वाशिन्स्की यांनी केलेला. तो एस. आन्स्की यांच्या नाटकावर आहे. आन्स्की 1912 ते 1914 आजच्या युक्रेनकडच्या व्होलिनिया आणि पोडोलियातल्या गावोगावी फिरून ज्यू लोकांच्या कथा-गाणी गोळा करत होते, नाटकाचा मालमसाला तिथला. 1920 च्या नोव्हेंबरात ते वारले आणि महिनाभराने वॉर्साला पहिला प्रयोग झाला. त्यांनी तो बघितला नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

गोष्ट अशी: सेंडर आणि निसन हे मित्र पोरं जन्मायच्या आधीच सोयरीक ठरवतात. निसन मरतो. सेंडर पैसेवाला होतो, शब्द विसरतो आणि आपल्या मुलीसाठी, लेयासाठी, श्रीमंत स्थळ बघतो. निसनचा मुलगा खोनन गूढविद्येच्या नादात मरतो आणि लग्नाच्या मांडवात लेयाच्या तोंडून बोलू लागतो. ज्यू धर्मगुरू रब्बी अझ्रिएल मेलेल्या निसनला फिर्यादी म्हणून बोलावतो. न्यायाधीश बसतात आणि सेंडरला कबूल करावं लागतं. निकाल: अर्धी संपत्ती गरिबांना दे, बापलेकांच्या नावाने दरवर्षी प्रार्थना म्हण. मग एक न्यायाधीश दुसऱ्याला विचारतो, फिर्यादी ‘आमेन’, म्हणजे ‘तसंच होवो’, म्हणाला का? म्हणालेला नसतो.

हे मला इतकं जवळचं का, ते सांगतो. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी माझी चुलत आत्या मामाच्या मुलाला द्यायची, हे ती पाळण्यात असतानाच ठरलेलं. पुढे जमिनीवरून दोन्ही घरांत फाटलं आणि तिला दुसरीकडे दिलं. वर्षाच्या आत तिच्या ‘अंगात’ यायला लागलं. त्यात ती तिच्या बापाला एकेरीत हाक मारून विचारायची, “शब्द दिला होतास ना?” देवऋषी आला, धुरी झाली, पाठीवर निरगुडीचा फोक झाला. ती काय विचारतेय याचं उत्तर मात्र त्या ओसरीवर बसलेल्या एकानेही दिलं नाही. शेवटी आजीने सगळ्यांना बाहेर काढलं आणि तिला माहेरी ठेवून घेतलं.

म्हणून माझं ठाम मत, धुरी नको. तुमच्या माणसांना मूळ कथेतली सुनावणी वाचून दाखवा. नाट्य तिथंच आहे. डॉ. दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून घालणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं हे त्याच्या अनुसूचीत लिहिलेलं आहे. ते रंगमंचावर थरार म्हणून दाखवायला माझं मन धजणार नाही.

चौलकर, सध्या मिरज

अलिबागचा विचार सोडा, ही मनापासून विनंती. बेने इस्रायल कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद म्हणून ‘शनवार तेली’. एलियाहू हन्नवी या ज्यू संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात, मराठीत बायबलमधल्या कथांची कीर्तनंही केली. डिबुकची कथा वाढली पूर्व युरोपात, ती यांच्या गळ्यात बांधू नका. भाषेसाठी मुलगी मराठी घराचीच घ्या की. 1937 च्या त्या चित्रपटात सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे गेर्शोन सिरोता यांचा आवाज आहे, तो कान देऊन ऐका. 1943 मध्ये, नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वॉर्साच्या घेट्टोत, त्यांचा मृत्यू झाला. पडद्यावर दिसतं तसलं गाव पुढच्या काही वर्षांत उरलं नाही, हे मनात धरून बघा.

कृष्णाकाठची

दोघांचे आभार. चित्रपट काल रात्री बघितला. लग्नात भिकारणींबरोबर नाचताना लेयासमोर मृत्यू येतो, तो नाच बघून झोप लागली नाही. ठरलं: कथा आपल्याकडच्या घरातली, मामेभावाशी ठरलेल्या सोयरिकीची, आणि मध्यभागी सुनावणी. धुरीवाल्या दोघांपैकी एक तयार झालाय. फक्त मेलेला बाप कसा दाखवू? आवाज देऊ का?

अजिंक्यताऱ्याखालचा, सातारा

आवाज नको. नाटकात त्याच्यासाठी पडदा लावतात आणि तो काय म्हणतो ते न्यायाधीश सांगतात, तेच ठेवा. आणि भूमिका वाटताना लेयाच्या आधी सेंडरचा नट शोधा. शब्द मोडलेला बाप लोकांना ओळखीचा वाटला पाहिजे, आपल्याच भावकीतला. तो प्रसंग त्याच्या तोंडावर चालतो.