एन्व्हायर्न्मेंटल आर्किटेक्चरला अर्ज करायचाय, पण पोर्टफोलिओत सगळी सबमिशन ड्रॉइंग

वरचा_मजला (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार मंडळी. नागपुरातूनच बी.आर्क. केलं, आता धरमपेठेतल्या एका ऑफिसात काम करते. एन्व्हायर्न्मेंटल आर्किटेक्चरमध्ये मास्टर्स करायचं हे पक्कं झालंय. घरच्यांनीही होकार दिलाय. अर्ज भरायला बसले की पोर्टफोलिओपाशी गाडी अडते.

ऑफिसात माझ्या वाट्याला येतं ते महापालिकेचं सबमिशन, म्हणजे मंजुरीसाठीचे नकाशे. एफएसआयचा (प्लॉटवर किती बांधता येईल त्याचा) तक्ता, साइड मार्जिन, पार्किंग, जिना. वर्किंग ड्रॉइंग केली तीही फ्लॅट स्कीमची. पश्चिमेला मास्टर बेडरूम, तिच्या खिडकीखाली एसीचं युनिट ठेवायला जागा. कॉलेजातला थीसिस म्युझियमचा होता. त्यात मागाहून सोलर पॅनेल टाकले होते, ते दाखवायला मन तयार नाही.

हे शिकायचं कारण घरातलंच आहे. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. मे महिन्यात रात्री अकराला पंखा लावला की भट्टीची हवा खाली येते. मागच्या उन्हाळ्यात आजीला तिच्या खोलीत झोपवलंच नाही, ती पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे झोपायची. त्या इमारतीचा नकाशा मंजूर झालेला आहे, सगळं नियमात आहे, आणि तरी ८० वर्षांच्या बाईला त्यात झोपता येत नाही. हे मला फार लागलं.

विचारायचं असं की परीक्षा कोणती द्यावी, पुणे बरं की बाहेर, आणि असा पोर्टफोलिओ घेऊन अर्ज करावा की आधी एखाद्या 'ग्रीन' ऑफिसात काम करून यावं? अर्जासोबतच्या पत्राची, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पजची, सुरुवात 'हवामानबदल हे आजच्या जगापुढचं सर्वात मोठं आव्हान आहे' अशी केलीय. वाचून मलाच काही वाटत नाही.

बर्डी_ते_बजाजनगर

परीक्षेचं तेवढं सांगतो. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत एम.आर्क.चे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या कॅपमधून (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून) होतात. त्यासाठी गेटचा किंवा कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या पीजीईटीए या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर ठेवा. त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र स्वतः वाचा, कोणाच्या तोंडच्या तारखांवर जाऊ नका. एनआयटी आणि एसपीएसाठी (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) गेटच. आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर, १०० गुण, ३ तास, स्कोअर ३ वर्षं चालतो. म्हणजे या फेब्रुवारीत देऊन ठेवला तरी पुढची दोन वर्षं डोक्याला ताप नाही. केंद्रीय संस्थांत गेटवर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, घरभाडं तरी निघतं. नोकरी सांभाळून अभ्यास होतो. बिल्डिंग सायन्सचा भाग तर तुम्हाला आवडेलच.

वाळ्याची_ताटी (मूळची महालातली, आता पुण्यात)

मी हेच शिकले आणि आता इमारतींच्या ऊर्जेचे हिशेब करायचं काम करते, म्हणून जरा मोठं लिहिते. तू म्हटलं तर चालेल ना?

कॉलेजांची यादी करण्याआधी एक बघ. 'एन्व्हायर्न्मेंटल' या एका नावाखाली दोन वेगळी शिक्षणं चालतात. पुण्याच्या बीएनसीएत एम.आर्क. एन्व्हायर्न्मेंटल आर्किटेक्चर आहे (मुलींचं कॉलेज, कर्वेनगर), विजयवाड्याच्या एसपीएत सस्टेनेबल आर्किटेक्चर आहे, अहमदाबादच्या सेप्टमध्ये बिल्डिंग एनर्जी परफॉर्मन्सचं एम.टेक. आहे. लंडनला आर्किटेक्चरल असोसिएशनचा सस्टेनेबल एन्व्हायर्न्मेंटल डिझाइन आहे, एमएससी १२ महिन्यांचं, एमआर्क १६ महिन्यांचं. या सगळ्यांचा जीव ऊन, वारा, भिंत आणि माणसाला होणारा उकाडा यांत आहे. लंडनच्याच रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये मात्र एमए एन्व्हायर्न्मेंटल आर्किटेक्चर म्हणजे जमीन, पाणी, खाणी आणि तिथून उठवलेली माणसं यांचा अभ्यास. तिथे नकाशे, फिल्म, फील्डवर्क चालतं. तिथे जायचं असेल तर तुझा विषय कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख हा होईल. जुलै २०२२मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, शेतात राखेचा चिखल गेला, तो विषय. आजीच्या खोलीचा विषय घेऊन तिथे गेलीस तर ते विचारतील, बाकीचं शहर कुठाय? आणि पुण्याला राखेचे नकाशे नेलेस तर विचारतील, भिंतीचा सेक्शन कुठाय?

तुझं लिहिणं वाचून तू पहिल्या, ऊन-वारा-भिंतीच्या प्रकारातली आहेस असं मला वाटतं. तसं असेल तर कुठल्याही ग्रीन ऑफिसात आधी जाऊ नकोस. तुझा प्रोजेक्ट तुझ्या डोक्यावर आहे, तो स्लॅब.

काय करायचं ते सांगते. दीडशे मिलिमीटरच्या उघड्या स्लॅबमधून दुपारचा उष्मा खाली यायला साधारण चारेक तास लागतात, नऊ इंची विटेच्या भिंतीला त्याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे दुपारी दोनचं ऊन तुमच्या सीलिंगला सहा-सातला पोचतं, आणि पश्चिमेच्या भिंतीने पाचला खाल्लेलं ऊन आजी अंथरुणावर असते तेव्हा, मध्यरात्रीच्या सुमारास आत येतं. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलंय. मोजून दाखवलेलं फार थोड्यांनी असतं. साधी लॉगर असलेली थर्मो-हायग्रोमीटर घे (तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवत राहतात), एक आजीच्या खोलीत, एक काकूंच्या, एक गच्चीवर सावलीत. टेबल टेनिसचा चेंडू काळ्या मॅट रंगाने रंगव, भोक पाडून त्याच्या मधोमध तापमापकाचं टोक बसव आणि पलंगाच्या उंचीवर टांग. खोलीची हवा एक आकडा सांगेल, चेंडू दुसरा. त्या दोहोंतला फरक म्हणजे सीलिंग आणि भिंत आजीच्या अंगावर किती उष्णता फेकतात ते. तुमच्या पंख्याची हवा भट्टीची का लागते त्याचं उत्तर तिथे आहे.

मग तो आकडा कोडला भिडव. इको निवास संहिता २०१८, म्हणजे घरांसाठीचा ऊर्जा-बचतीचा कोड, सांगते की छताचा यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप) १.२च्या वर नको आणि भिंती-खिडक्यांचा आरईटीव्ही (त्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचं माप) १५ वॅट प्रति चौरस मीटरच्या वर नको. उघडा स्लॅब छताच्या मर्यादेच्या दुपटीहून वर जातो, गणित तू एका संध्याकाळी करशील. त्यानंतर तीन-चार उपाय काढ: पांढरी चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवलेली गच्ची), स्लॅबवर इन्सुलेशन, गच्चीवर मांडव, पश्चिमेला उभी जाळी. प्रत्येकाचा खर्च आपल्या इथल्या मिस्त्रीला विचारून लिही. एवढी आठ पानं जमली तर म्युझियमचा थीसिस एका पानात आटप.

सबमिशन ड्रॉइंग टाकून देऊ नकोस. साइड मार्जिन किती ठेवलं की शेजारच्या इमारतीची सावली कुठे पडते, वारा आत येतो की नुसता वरून जातो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? एका मंजूर प्लॉटचं सबमिशन घे आणि त्याच एफएसआयमध्ये, त्याच नियमांत, खोल्या फिरवून दाखव. नियम तोच ठेवून घर थंड करता येतं हे ज्या अर्जात दिसतं, तो अर्ज बाजूला पडत नाही.

आणखी एक. नागपूर २१ अंशांवर आहे, कर्कवृत्ताच्या खाली. मे अखेरीला आणि जुलैच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मधल्या काळात दुपारीही किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेचा ६० सेंटिमीटरचा छज्जा डिसेंबरच्या दुपारी खिडकीवर ६० सेंटिमीटरच सावली टाकतो, ऊन आत येऊ देतो. विषुवदिनाला तोच दीड मीटर झाकतो. पश्चिमेला मात्र तो काही कामाचा नाही, संध्याकाळचं ऊन त्याच्या खालून घुसतं. आपल्याकडे चारही बाजूंना एकाच मापाचा छज्जा काढतात, तुझ्या ऑफिसातही काढत असतील. या एका गोष्टीचं एक चांगलं ड्रॉइंग कर. मोठ्या सॉफ्टवेअरच्या रंगीत चित्रांपेक्षा ते जास्त बोलेल.

कवेलू_दादा

मी कंत्राटदार आहे, शिकलेला कमी पण घरं पुष्कळ बांधली. ताई, वरती ताईंनी बरोबर सांगितलं, माझं थोडं जोडतो. चायना मोझॅक करायला लोक तयार असतात, पण दोन वर्षांत गच्चीवर धूळ बसते, धुवत कोणी नाही, मग पांढरं राहत नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये धुवायचं कोण आणि पाणी कुठून, हे लिहाच. मांडव टाकायचा तर वादळवाऱ्यात टिकला पाहिजे. मे महिन्यातलं आपलं वावधन तुम्हाला माहीत आहे.

दुसरं, कूलरवर लिहा. बाहेरचे लोक याकडे पाहतच नाहीत. अर्धं नागपूर कूलरवर जगते अन् नकाशात कूलरला जागाच नसते, मग खिडकी काढून तिथं स्टँड ठोकतात, हवा जायला दुसरीकडे वाट नाही. हवा बाहेर निघाली नाही तर कूलर खोली ओली करते, थंड करत नाही. हे मी किती घरी सांगून राहिलो बाप्पा.

अन् सेवाग्रामला एकदा भर उन्हात जाऊन बसा. बापूकुटीच्या ओसरीत, मातीच्या भिंतीला टेकून. कवेलूचं छप्पर, बांबू, खाली उतरलेला वळचणीचा भाग. मग मोजमाप घ्या, फोटो नंतर.

वाळ्याची_ताटी

दादा, कूलरचं लाखातलं बोललात. तुझ्या पोर्टफोलिओत ते पान हवंच. मेमध्ये ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असली की ओल्या बल्बचा तापमापक (टोकाला ओलं फडकं गुंडाळलेला, कूलर फार तर तिथपर्यंतच हवा थंड करू शकतो) २३च्या आसपास उतरतो, म्हणून कूलरला खाली यायला एवढी मोठी जागा मिळते. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के झाले की तोच २९वर अडतो आणि वाळ्याला काही करताच येत नाही. म्हणजे आपल्या घराला एकाच वर्षात दोन वेगळे स्वभाव लागतात. मेमध्ये दुपारी बंद राहायचं, जुलैत सगळं उघडून वारा खेळवायचा. खिडकी कुठे आणि कशी उघडते यावर सगळं आलं.

वरचा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीच चेंडू रंगवला. इथे दोन गोष्टी विचारते.

एक, स्टेटमेंटची सुरुवात बदलली. इंग्रजीत लिहायचंय, इथे मराठीत सांगते: 'माझी आजी मे महिन्यात स्वतःच्या घरात झोपू शकत नाही. ते घर ज्या प्रकारच्या नकाशावर उभं आहे तसे नकाशे मी रोज काढते. नियमांत कुठेही न चुकता काढलेलं घर इतकं का तापतं, आणि त्याच नियमांत ते किती थंड करता येईल, हे मला मोजून शिकायचं आहे.' आजीला मध्ये आणणं बरं दिसेल का?

दोन, लंडनचा विचार मनातून जात नाही. पुढे नागपुरात परत येऊन कॉलेजात शिकवायचंही आहे.

वाळ्याची_ताटी

आजी राहू दे, एकाच वाक्यात. तिसरं वाक्य तुझं सगळ्यात भक्कम आहे, त्याच्यापुढे लगेच स्लॅबचे आकडे येऊ देत. 'आवड', 'जिद्द', 'स्वप्न' असले शब्द शेवटच्या मसुद्यातून काढ. आकडे आणि प्रश्न यांतून ते दिसतंच. आणि प्रत्येक कॉलेजाला तेच पत्र पाठवू नकोस. तिथल्या कुणाच्या कामाशी तुझा प्रश्न जुळतो ते वाचून एक परिच्छेद त्यांच्यासाठी लिही.

शिकवायचं असेल तर लंडनबाबत एक गोष्ट आधीच तपास. भारत आणि ब्रिटनने २०२२मध्ये एकमेकांच्या पदव्या मानायचा करार केला, त्यात एका वर्षाचं मास्टर्सही आलं. पण आर्किटेक्चर, वैद्यकीय, कायदा असे व्यावसायिक अभ्यासक्रम त्यातून वगळलेत. तुझी कौन्सिलची नोंदणी बी.आर्क.वर आहे, तिला धक्का लागत नाही, प्रॅक्टिस चालू राहील. शिकवायच्या नोकरीत मात्र पदवी कशी धरतात ते भरणाऱ्या कॉलेजाकडून आणि कौन्सिलकडून लेखी विचारून घे, पैसे भरण्याआधी. इथल्या दोन वर्षांच्या एम.आर्क.ला तो प्रश्नच येत नाही. तुझ्या विषयाला मे महिन्याचं नागपूर लागतं आणि पुण्याहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी तू तुझ्या गच्चीवर असतेस. मला विचारशील तर मी पुणे आणि विजयवाडा वर ठेवीन, लंडन नंतर, शिष्यवृत्ती मिळाली तर. अनुसूचित जातीतली असशील तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिचे निकष बघ.

बर्डी_ते_बजाजनगर

आणि पीजीईटीएचा फॉर्म भरताना बी.आर्क.ची सगळी गुणपत्रकं स्कॅन करून ठेवा, प्रोव्हिजनल सर्टिफिकेटसकट. विद्यापीठातून डुप्लिकेट काढायला वेळ जातो.

वरचा_मजला

गुणपत्रकं आहेत सगळी. पुणे, विजयवाडा, मग लंडन, असंच लावते. लॉगर कॉलेजातल्या एका मॅडमकडून उसने मिळताहेत, काकू त्यांच्या खोलीत ठेवू द्यायला तयार झाल्यात. कवेलू दादा, एक विनंती होती: वॉटरप्रूफिंग, इन्सुलेशन आणि वर चायना मोझॅक, हजार चौरस फुटांचा मजुरीसकट अंदाज सांगाल का?

कवेलू_दादा

सांगतो ना. पण आधी गच्चीचा उतार कुठे आहे अन् पाणी कुठल्या कोपऱ्यात साचते ते पाहावं लागेल, त्याच्याशिवाय आकडा सांगणं बरोबर नाही. रविवारी सकाळी साइटवरून येताना मानेवाड्याला येतो. मेसेज करा.