थायलंडमध्ये निवृत्तीनंतरचे दीर्घ वास्तव्य : व्हिसा, ठेव आणि पुण्यातील घडी

मयूरकॉलनीकर

माझे वय ६६ असून पत्नीचे ६२ आहे. मी खासगी कंपनीतून निवृत्त झालो आणि माझा खर्च मुदत ठेवींच्या व्याजावर चालतो. पत्नीला राज्य शासनाचे निवृत्तिवेतन मिळते. मुलगा सिंगापूरला असतो. त्याच्या घरी कायमचे राहायला जाण्याची आमची इच्छा नाही, पण त्याच्यापासून दोन-तीन तासांच्या विमानप्रवासावर असावे, खर्च आवाक्यात असावा आणि दवाखान्याची सोय चांगली असावी, एवढ्या अपेक्षेने आम्ही थायलंडमधील चिआंग माई शहराचा विचार करीत आहोत. मागील वर्षी डिसेंबरात तेथे तीन आठवडे राहून आलो आणि शहर मनात भरले.

निवृत्तांसाठीच्या व्हिसाकरिता ८ लाख बात (बात हे थायलंडचे चलन) दाखवावे लागतात, असे समजले. ही रक्कम तेथील बँकेतच ठेवावी लागते का? येथून ती पाठवताना कर किती कापला जातो? कोथरूडचा आमचा फ्लॅट भाड्याने द्यावा की कुलूप लावून ठेवावा? पत्नी मॉडेल कॉलनीतील अय्यंगार योग संस्थेत बरीच वर्षे शिकली आहे. तिला तेथे आठवड्यातून दोन-तीन वर्ग घ्यायला आवडतील. एका एजंटाने "सगळे आम्ही पाहतो" असे सांगून अवाच्या सवा रक्कम मागितली, म्हणून आधी जाणकारांना विचारत आहे.

हुआहिनवासी

मी मूळचा सदाशिव पेठेतला असून सहा वर्षांपासून थायलंडमधील हुआ हिन येथे राहतो. आपल्या प्रश्नात दोन वेगळे व्हिसे एकमेकांत मिसळले आहेत आणि बहुतेकांचा घोटाळा येथेच होतो, म्हणून आधी तो भाग सविस्तर लिहितो.

पहिला नॉन-इमिग्रंट 'ओ-ए', म्हणजे दीर्घ वास्तव्याचा व्हिसा. तो आपल्या देशातूनच घ्यायचा असतो आणि त्यासाठी वय ५० पूर्ण हवे. ८ लाख बातइतकी रक्कम भारतातील खात्यात दाखवली तरी चालते. पर्याय म्हणून दरमहा ६५ हजार बात उत्पन्न दाखवता येते, परंतु आपल्याकडील सर्वसाधारण निवृत्तिवेतन त्याच्या जवळपासही जात नाही. याखेरीज पोलिसांचा चारित्र्य दाखला, जो पुण्यात पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतो, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्या प्रमाणपत्रावर कुष्ठरोग, क्षयरोग, हत्तीरोग, अमली पदार्थांचे व्यसन आणि तिसऱ्या टप्प्यातील उपदंश नाही, असे डॉक्टरांनी लिहून द्यायचे असते. आमचे डॉक्टर मला चाळीस वर्षे ओळखतात. यादी वाचून ते इतके हसले की सही करायला त्यांना दोन मिनिटे लागली.

'ओ-ए'मधील खरी अडचण आरोग्य विम्याची आहे. किमान ३० लाख बात, म्हणजे १ लाख डॉलरचे संरक्षण असलेली पॉलिसी आवश्यक असते आणि पुढे तेथेच मुदतवाढ घेतानाही ही अट पाठ सोडत नाही. सत्तरीनंतर नवीन पॉलिसी मिळणे अवघड होत जाते, तेव्हा ६६ व्या वर्षी याचा हिशोब आत्ताच करावा.

दुसरा मार्ग साध्या 'ओ' व्हिसाचा. तो निवृत्तीच्या कारणाने घेऊन तेथे दरवर्षी मुदतवाढ करून घेतल्यास विम्याची ही अट लागू होत नाही, परंतु पैसे थायलंडमधील बँकेतच असावे लागतात. मुदतवाढीच्या अर्जापूर्वी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने पूर्ण ८ लाख बात खात्यात राहिले पाहिजेत, आणि उरलेल्या काळात शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. थोडक्यात, ही रक्कम आपली असूनही आजारपणात हाताशी येणार नाही. दोघांनी स्वतंत्र ठेव ठेवण्याची गरज नाही. एक मुख्य अर्जदार आणि दुसरा त्याच्यावर अवलंबून, अशा रीतीने हे होऊ शकते.

दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. देशाबाहेर जाऊन आल्यास हे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात, त्यामुळे आपल्या सिंगापूरच्या फेऱ्यांमुळे हे काम आपोआप हलके होईल. मात्र मुदतवाढीवर राहत असताना बाहेर पडण्यापूर्वी पुनर्प्रवेशाचा परवाना घेतला नाही, तर मुदतवाढ तत्क्षणी रद्द होते. हा परवाना एका फेरीसाठी १,००० आणि अनेक फेऱ्यांसाठी ३,८०० बातला मिळतो. पहिल्याच वर्षी मी तो विसरलो आणि सगळी कागदपत्रे नव्याने करावी लागली.

वहिनींच्या योगवर्गांविषयी स्पष्ट सांगतो : या व्हिसावर काम करण्यास मनाई आहे आणि मोबदला न घेता शिकवणेही काम धरले जाऊ शकते. तो विचार सोडून द्यावा.

हिशोबनीस

थायलंडची बाजू वर आली आहे, म्हणून मी फक्त येथील आर्थिक बाजू लिहितो. मी सनदी लेखापाल आहे.

उदारीकृत प्रेषण योजनेखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न नाही. प्रश्न पाठवतानाच गोळा होणाऱ्या कराचा आहे. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या वरील रकमेवर हा कर २० टक्के दराने घेतला जातो. ८ लाख बात म्हणजे २० लाख रुपयांहून अधिक. समजा २२ लाख एकाच वर्षात पाठवले, तर १२ लाखांवर २ लाख ४० हजार रुपये अडकतील. ते बुडत नाहीत, विवरणपत्र भरल्यावर वळते होतात, पण तोवर हाताबाहेर जातात. अर्धी रक्कम मार्चमध्ये आणि अर्धी एप्रिलमध्ये पाठवली, तर हा आकडा अगदी किरकोळ राहतो.

फ्लॅटविषयी : आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस राहिलात तर आपण करासाठी निवासी ठरता आणि भाडेकरूला सहसा काही विशेष करावे लागत नाही. आपण अनिवासी झालात, तर मात्र भाडेकरूला दरमहा भाड्यातून ३० टक्के आणि उपकर कापून सरकारजमा करावा लागतो. ही जबाबदारी ऐकताच चांगले भाडेकरू मागे सरतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. अनिश्चित काळासाठी परदेशी गेल्यास येथील बचत खातीही अनिवासी प्रकारात बदलून घ्यावी लागतात.

निघण्यापूर्वी विश्वासू नातेवाइकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून ठेवावे. तिकडे गेल्यावर तेच करायचे म्हटले, तर वकिलातीत साक्षांकन आणि कागद येथे आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक, असा दुप्पट व्याप होतो.

एक मुद्दा थायलंडचाच आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेथे कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिल्यास आपण तेथील कर-निवासी ठरता, आणि १ जानेवारी २०२४ पासून बाहेरून आणलेले उत्पन्न करपात्र धरले जाते. त्याआधी कमावलेली बचत यातून सुटते, म्हणून ३१ डिसेंबर २०२३ रोजीची शिल्लक दाखवणारे बँकेचे उतारे जपून ठेवावेत.

मंजिरी_औंध

आपण डिसेंबरात चिआंग माई पाहिले, हे वाचून थोडे हसू आले. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तेथे शेते आणि जंगले पेटवल्याचा धूर दरीत साचतो; आमचे हे दम्याचे रुग्ण असल्यामुळे आम्ही मार्चमध्येच परतलो. शाकाहारी असाल तर 'जे' (तेथील कडक शाकाहारी जेवण) हा शब्द शिकून घ्या. त्यात मत्स्यरस तर नसतोच, कांदा-लसूणही नसतो. मुलाचा पगार दरमहा १२ हजार सिंगापूर डॉलरच्या पुढे असेल, तर नोकरीच्या पासवर तो आईवडिलांसाठी दीर्घ भेटीचा पास मागू शकतो, तेही तपासावे.

मयूरकॉलनीकर

सर्वांचे मनापासून आभार. मुलाचा पगार त्या रेषेच्या थोडा अलीकडे आहे, त्यामुळे तो मार्ग तूर्त बंद आहे. धूर आणि कर या दोन्ही गोष्टी पाहता नोव्हेंबर ते जानेवारी एवढाच काळ तेथे राहावे, भारतातील निवासी दर्जा सोडू नये आणि फ्लॅटला कुलूप लावावे, असे आता वाटू लागले आहे. पत्नी म्हणते की वर्ग घेता येणार नसतील, तर तीन महिने तरी पुरेत. मात्र तिचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्यावा लागतो, त्याचे काय करावे?

हुआहिनवासी

१ नोव्हेंबरनंतर दोन-चार दिवसांत बँकेत दाखला देऊन निघा. तिकडून मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो, परंतु बँकेचे ओटीपी येथील सिमवरच येतात, तेव्हा त्या सिमचे आंतरराष्ट्रीय रोमिंग पुण्यातच सुरू करून, एखादा संदेश येतो आहे याची खात्री करून मगच विमानतळ गाठा. आणि केवळ तीन महिन्यांसाठी ८ लाख बात अडकवू नका. त्या मुदतीसाठी पर्यटक व्हिसा आणि त्याची तेथे मिळणारी मुदतवाढ पुरेशी होते.