मदत हवी आहे : फोर्कलिफ्टची ड्राइव्ह मोटर फक्त रिव्हर्समध्ये ठिणग्या टाकते

नमस्कार मंडळी. तुर्भे एमआयडीसीतील एका गोदामात 48 व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टची देखभाल माझ्याकडे आहे. तिची ड्राइव्ह मोटर डीसी सिरीज प्रकारची (फील्ड म्हणजे चुंबकीय क्षेत्र तयार करणारी गुंडाळी आर्मेचरशी, म्हणजे फिरणाऱ्या भागाशी, एकसरीत जोडलेली) असून, नवे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) बसवल्यापासून गाडी पुढे अगदी सुरळीत जाते, पण रिव्हर्स घेताच कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर) निळसर ठिणग्या उडतात आणि ब्रशची एकच कड जळून काळी पडते. कार्बनची भुकटी साफ करून, कंट्रोलरच्या तारा सोडवून मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या उपकरणाने) इन्सुलेशन तपासले, ते चांगले आले. रिव्हर्स कॉन्टॅक्टरचे (दिशा उलटवणाऱ्या विद्युत स्विचचे) पॉइंटही स्वच्छ आहेत. आर्मेचर दोन्ही दिशांना तेच असताना दोष एकाच दिशेला दिसतो, त्यामुळे ब्रश रॉकर (ब्रशचे होल्डर धरणारी, फिरवून जुळवता येणारी कडी) न्यूट्रलवरून, म्हणजे ब्रशांच्या योग्य मध्य जागेवरून, सरकला असावा, असे माझे मत आहे; होल्डरमध्ये ब्रश सैल बसून कलत असल्याचीही शंका येते.

फील्डला कमी व्होल्टेज जोडत-तोडत, ब्रशांवर लावलेल्या मिलिव्होल्टमीटरची सुई जिथे सर्वांत कमी हलते ती न्यूट्रलची जागा, ही पद्धत अशा मोटरवर कोणी वापरली आहे का, आणि फील्डला किती व्होल्ट द्यावेत? लोड नसताना पूर्ण व्होल्टेजवर सिरीज मोटर बेफाम वेग घेते, म्हणून ती उतरवून तशी चालवून पाहणार नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रॉकर जुळवून देणारा जाणकार वाइंडर माहीत असल्यास कृपया कळवावे.