फिल स्पेन्सर: जुनी पुण्याई किती वर्षं पुरणार?

निशाचर (धागाकर्ता)
एक्सबॉक्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग कन्सोलवर, टीका केली की उत्तर ठरलेलं: 'स्पेन्सर नसते तर एक्सबॉक्स उरलंच नसतं.' मला हे मान्य आहे. मार्च २०१४ मध्ये त्यांनी एक्सबॉक्स विभागाची सूत्रं हाती घेतली तेव्हा नव्या एक्सबॉक्स वन कन्सोलची पार रया गेली होती. किनेक्ट हा हालचाली टिपणारा कॅमेरा गळ्यात मारल्यामुळे किंमत ४९९ डॉलर, सोनीचा प्लेस्टेशन ४ मात्र ३९९ ला. त्यांनी किनेक्ट वगळला, किंमत खाली आणली, २०१५ मध्ये आधीच्या एक्सबॉक्स ३६० चे जुने गेम नव्या कन्सोलवर चालवून दाखवले आणि २०१७ मध्ये गेम पास ही वर्गणीवर गेम देणारी सेवा आणली.

पण पुढे? झेनिमॅक्स ही गेम कंपनी विकत घ्यायला साडेसात अब्ज डॉलर, ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डसाठी ६८.७ अब्ज. आणि मे २०२४ मध्ये झेनिमॅक्ससोबत आलेल्या टँगो गेमवर्क्स स्टुडिओला टाळं! त्यांचा 'हाय-फाय रश' आदल्याच वर्षी गाजला होता. मला तो गेम मनापासून आवडतो, म्हणून हे जास्त लागलं. जुन्या कामाचं श्रेय द्यायलाच हवं, पण त्यात आजचा हिशेब वळता करून घेऊ नका.

जॉयस्टिक
असहमत. २०२३ मध्ये स्पेन्सर स्वतःच म्हणाले होते की कन्सोलच्या पिढ्यांपैकी हरायला सर्वांत वाईट पिढी होती ती एक्सबॉक्स वनची, कारण लोकांची डिजिटल लायब्ररी, म्हणजे खात्यावर घेतलेल्या गेमचा साठा, तेव्हाच तयार झाली. ज्याच्या खात्यात प्लेस्टेशनचे शंभर गेम पडलेत, तो एका चांगल्या गेमसाठी कशाला घर बदलेल? ती हार त्यांच्या वाट्याला वारशाने आली.

शिवाय निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष इवाता यांच्याकडे बघा. त्यांचा वी हा कन्सोल १० कोटींच्या वर खपला, नंतरचा वी यू जेमतेम १ कोटी ३५ लाख. तुमच्या न्यायाने २०१४ मध्ये निन्टेन्डोने त्यांना घरी पाठवायला हवं होतं. मग पुढच्या स्विच कन्सोलची पायाभरणी कोणी केली असती?

कन्सोलवेडी
जॉयस्टिक, इवातांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. निन्टेन्डोचा हातात धरायचा ३डीएस कन्सोल अडखळला तेव्हा, २०११ मध्ये, त्यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. वी यू आपटल्यावर २०१४ मध्ये पुन्हा तेच. नोकरी जाण्याच्या भीतीत वावरणारी माणसं चांगले गेम बनवू शकत नाहीत, ही त्यांची भूमिका होती. इथे ॲक्टिव्हिजनचा व्यवहार पुरा झाला ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि जानेवारीत १९०० जणांना नारळ. इवातांना लोकांनी सांभाळून घेतलं ते फक्त वीच्या आकड्यांमुळे नाही.

चौथा खेळाडू
दोघांनाही एक सांगतो. मोठा गेम बनायला चार-पाच वर्षं जातात, त्यामुळे आज दिसतं ते बरंचसं जुन्या निर्णयांचं फळ असतं. 'रेडफॉल' हा गेम पडला, पण तो बनवणारा आर्केन स्टुडिओ मायक्रोसॉफ्टकडे आला तेव्हा गेमचं काम आधीच सुरू होतं. तिथे स्पेन्सरना थोडी सूट द्यावी.

स्टुडिओ बंद करण्याला मात्र ही सबब लागू नाही. तो निर्णय त्याच वेळचा. एक्सबॉक्सच्या स्टुडिओंचे प्रमुख मॅट बूटी यांनी कळवला, पण बूटी स्पेन्सर यांच्याच हाताखाली होते ना?

निशाचर
चौथा खेळाडू, रेडफॉलचा मुद्दा पटला, तो माझ्या यादीतून काढतो. टँगोचं तसं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या गेम कंपनीने तोच संघ आणि 'हाय-फाय रश'चे हक्क घेतले. म्हणजे बाहेरच्याला त्यात किंमत दिसली आणि घरच्यांना दिसली नाही.

जॉयस्टिक
टँगोबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. डिजिटल लायब्ररीचा मुद्दा मात्र अजून कोणी खोडलेला नाही.