चाकांना आणि ब्रेक कॅलिपरना एकच सिरॅमिक लेप लावावा का?

मूळ मत

चाकांना लावून उरलेला सिरॅमिक लेप कॅलिपरवरही (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागावरही) फिरवून टाकण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ती मला अयोग्य वाटते. चाकांना मुख्य त्रास ब्रेकच्या धुळीचा असतो. ओतीव लोखंडाच्या डिस्कचे आणि पॅडचे तापलेले सूक्ष्म कण क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, बसतात, ओलाव्याने गंजतात आणि त्यांचे तपकिरी ठिपके पुढे साबणाने निघत नाहीत. तेथे सिलिकायुक्त द्रव लेप उत्तम काम करतो. कॅलिपरला मात्र धुळीच्या जोडीने उष्णता सोसावी लागते आणि त्यावर ग्लायकॉलयुक्त ब्रेक फ्लुइड सांडले, तर साधा रंग मऊ पडून सुटतो. म्हणून कॅलिपरसाठी भट्टीत पक्का केलेला, उष्णता सोसणारा सिरॅमिक रंगच निवडावा. बाटलीवरच्या ‘९ एच’ या आकड्याला भुलू नये, कारण तो पेन्सिलीच्या शिशाने ओरखडा उमटतो का, एवढेच पाहणाऱ्या चाचणीचा आहे. मी आधी तापमानाची मर्यादा पाहतो आणि ती सतत सोसण्याची आहे की क्षणभराची, हे विचारून घेतो.

प्रतिसाद १

‘९ एच’विषयी आपले म्हणणे मान्य आहे, पण भट्टीचा आग्रह मला पटत नाही. कॅलिपर भट्टीत घालायचा म्हणजे तो गाडीवरून उतरवायचा, पिस्टन आणि रबरी सील काढायचे, नंतर सील नवे बसवायचे, फ्लुइड भरायचे आणि नळीतली हवा पूर्ण काढायची. यात एक चूक झाली, तरी पेडल दबत जाते आणि गाडी थांबत नाही. उत्तम चालणारे ब्रेक केवळ रंगासाठी उघडणे हा मला अनाठायी धोका वाटतो. शिवाय रोजच्या वाहतुकीत कॅलिपरचा बाहेरचा भाग डिस्कइतका तापत नाही. शर्यतीच्या गाडीचे निकष घरच्या गाडीला लावू नयेत. मी स्वतः चाके काढून, कॅलिपर जागेवरच ठेवून, ब्रशने घासून, तेलकटपणा पुसून चाकांसाठीचाच लेप लावला. दोन पावसाळ्यांनंतरही धूळ ओल्या फडक्याने निघते. फक्त फ्लुइड बदलण्याच्या निपलभोवती नखाएवढा भाग फिका पडला आहे.

प्रतिसाद २

मुळात लेपच कशाला हवा? त्याचा थर साधारण १ ते २ मायक्रॉन, तर खालचा क्लिअर कोट ४० मायक्रॉनच्या आसपास असतो. खडा उडाला किंवा रिम फुटपाथच्या कडेला घासली, तर तो काहीही अडवत नाही. दर आठवड्याला सौम्य शाम्पूने आणि मऊ ब्रशने चाके धुणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. न धुणारा मनुष्य लेप लावून आणखी निष्काळजी होतो आणि मग आम्लयुक्त क्लीनर वापरून तोच लेप खराब करतो.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

दर आठवड्याला धुण्याचा मुद्दा चाकाच्या दर्शनी भागापुरता खरा आहे. रिमच्या आतल्या नळकांड्यापर्यंत स्पोकमधून हात पोहोचत नाही आणि सर्वांत जास्त धूळ तेथेच असते. मी पुढचे एक चाक मुद्दाम लेपाशिवाय ठेवले होते. लोहकण विरघळवताना जांभळे होणारे द्रावण फवारल्यावर त्याच्या आतून गडद जांभळे ओघळ वाहू लागले, तर लेप असलेल्या चाकावर फिकट जांभळी छटा आली आणि पाण्याबरोबर निघून गेली. थर पातळ असतो हे खरे, पण तो आघात अडवण्यासाठी नसून धूळ चिकटू न देण्यासाठी असतो.

पहिल्या प्रतिसादातील सुरक्षिततेचा मुद्दा मात्र मला मान्य करावाच लागेल. चांगले चालणारे ब्रेक रंगासाठी उघडू नयेत. सील बदलण्यासाठी कॅलिपर उघडायचाच असेल, तेव्हा भट्टीतला रंग द्यावा, एवढी दुरुस्ती मी माझ्या मतात करतो. आपल्या निपलभोवतीचा फिका भाग मला फ्लुइडचाच परिणाम वाटतो. तेथे सांडलेले फ्लुइड लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

प्रतिसाद ३

मला दोन्ही पक्षांपेक्षा लेप कोठे लावू नये याची अधिक काळजी वाटते. चाक हबला (ज्यावर चाक बसवतात त्या मधल्या भागाला) टेकते तो भाग, नट बसण्याच्या जागा, कॅलिपरच्या सरकत्या पिना आणि डिस्क हे सर्व लेपापासून मोकळेच राहिले पाहिजे. जागेवर लेप लावताना डिस्क आणि पॅड आधी झाकावेत, स्प्रेऐवजी स्पंज वापरावा आणि चाके बसवताना नट ठरलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) आवळावेत.