घराबाहेरचे ताट : इंदूरमध्ये बाहेर बसून खाल्लेल्या पदार्थांचे अनुभव

मालव्यातली :
सराफ्यातल्या, म्हणजे सोन्याचांदीच्या बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊच्या चौपाटीविषयीच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. तिथे मोमो आणि नूडल्स असावेत की केवळ पारंपरिक पदार्थ विकले जावेत, गॅसच्या सिलिंडरांमुळे सराफी दुकानांना धोका आहे का, यावर सराफ व्यापारी, ठेलेवाले आणि महापालिका आपापली बाजू मांडत आहेत. ते वाचताना मला आमच्या रामबागेतल्या घराची आठवण झाली. आजीचे सोवळे कडक असल्यामुळे बाहेरचे काही घरात येत नसे. परंतु वडील पगार झाला की आम्हा भावंडांना इंडियन कॉफी हाऊसमध्ये नेत, आणि आजी त्यावर कधीही काही बोलत नसे.

घरी आंबोळी आणि घावन होतच असे, म्हणून डोसा अगदीच अनोळखी वाटला नाही. नवे होते ते वाटीतले सांबार, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि पांढऱ्या गणवेशातले, पंख्यासारखा तुरा असलेला फेटा बांधलेले वाढपी. वडील गिरणीत हिशेबनीस होते आणि कामगारांच्या गोष्टी त्यांना जिव्हाळ्याने सांगाव्याशा वाटत. कॉफी बोर्डाने 1950च्या दशकात आपली कॉफी हाऊसे बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि त्यांतली पहिली 1957 मध्ये बेंगळुरूला स्थापन झाली, हे मला शाळेत नव्हे, तर त्या टेबलाशी बसून समजले. ‘ज्यांनी आपल्यापुढे बशी ठेवली ते इथले नोकर नाहीत, भागीदार आहेत, त्यांच्याशी अदबीने बोलायचे,’ असे वडील आम्हाला बजावत.

आपल्या घरी न होणारा, दुसऱ्या समाजाचा पदार्थ तुम्ही या शहरात बाहेर बसून पहिल्यांदा कुठे खाल्लात? सविस्तर लिहावे.

लोकमान्यनगरचा :
दाल-बाफले. भोजनालयात जमिनीवर पंगत, पुढे पत्रावळ, आणि वाढणाऱ्याने बाफला हातानेच कुस्करून त्यावर तुपाची धार सोडलेली. राजस्थानची बाटी कणकेचा गोळा थेट निखाऱ्यावर भाजून करतात, तर आपल्या माळव्यात तो आधी उकळत्या पाण्यात शिजवून घेतात आणि वर तरंगू लागला की निथळून गोवऱ्यांच्या आचेवर भाजतात. या उकडण्यामुळे बाफला आतून मऊ राहतो, सहज फुटतो आणि वरण व तूप भरपूर शोषून घेतो. आमच्या आईने पुढे घरी प्रयत्न केले, परंतु गोवऱ्यांची आच गॅसच्या तंदूरमध्ये येत नाही, हे तिचे मत आजही कायम आहे आणि मला ते पूर्णपणे पटते. ज्यांनी बाफले केवळ हॉटेलातल्या चकचकीत थाळीत खाल्ले आहेत, त्यांनी एकदा तरी एखाद्या शेतावरच्या पार्टीत गोवऱ्यांवरचे खावेत.

रेसिडेन्सी_परिसर :
कढी, हिरवी चटणी आणि शेवटचा लाडू यांचा उल्लेख राहिला. लाडवाशिवाय ते जेवण पूर्ण होत नाही.

साताऱ्याहून_आलेली :
लग्न होऊन इथे आले त्या आठवड्यातच माझे दीर मला आणि जाऊबाईंना सकाळी राजवाड्याजवळ पोहे खायला घेऊन गेले. आमच्याकडे पोहे म्हणजे कढईतून थेट बशीत, वर ओले खोबरे आणि कोथिंबीर. इथे मात्र मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होते आणि त्यावरच्या परातीत पोह्यांचा ढीग वाफेवर गरम राहत होता. खालून आच थेट लागत नसल्यामुळे ते तासन्‌तास मऊ राहतात आणि फार तेलही लागत नाही. त्यावर शेव, कांदा, लिंबू आणि जीरावन, म्हणजे इथला चटकदार कोरडा मसाला. सोबत जिलबी घेतली, तेव्हा माझ्या मनात संकोच होता, कारण सकाळी उठून तिखट आणि गोड एका घासात खाण्याची मला सवय नव्हती. आता माहेरी गेले की जीरावनाची पुडी बरोबर नेते.

शिकंजीचेही सांगते. उन्हाळ्याचे दिवस होते, मला लिंबाचे सरबत अपेक्षित होते आणि समोर आले ते केशर व सुकामेवा घातलेले दाट, गार दूध. नव्या सुनांना आधी कल्पना देत जावी, अशी सर्व सासूबाईंना विनंती.

मालव्यातली :
@साताऱ्याहून_आलेली, ताई, त्या दुधाला ताकाची किंचित आंबूस चव असते, ती तुम्हाला आवडली का? आमच्याकडे पुण्याचे पाहुणे तिथेच अडतात.

साताऱ्याहून_आलेली :
पहिल्या दिवशी आवडली नाही. आता त्या चवीसाठीच जाते.

सराफ्यातली_पेढी :
आमची सराफ्यात लहानशी पेढी आहे, त्यामुळे मी हा विषय दोन्ही बाजूंनी पाहतो. रात्री पेढ्या बंद झाल्या की ओट्यांवर ठेले लागतात. उशिरापर्यंत माणसांचा राबता राहिल्याने दुकानांचीही राखण होते, असे आमचे आजोबा सांगत आणि ते मनापासून ठेलेवाल्यांना ओटा देत. आज गर्दी आणि शेगड्या यांची चिंता खरी आहे. पण गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा म्हणजे मक्याच्या कणसाचा कीस, मावाबाटी आणि जोशींचा दहीवडा तिथून उठवावेत, असे मी कधीही म्हणणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्याकडे दागिने घडवण्याचे काम बंगाली कारागीर करत. त्यांच्यासाठी गल्लीत वरच्या मजल्यावर एक खाणावळ होती, पाटी वगैरे काही नसलेली. वडिलांनी मला तिथे एका कारागीर काकांबरोबर पाठवले. मोहरीच्या वाटणातला मासा आणि मोकळा भात मी तिथे पहिल्यांदा खाल्ला. आम्ही देशस्थ, घरात मासा कधी शिजला नव्हता. काकांनी काटे काढून घास माझ्या ताटात ठेवले. जो माणूस दिवसभर सोन्याच्या तारेशी इतक्या नाजूकपणे वागत असे, त्याच्या हातांनी काढलेला एकही काटा ताटात चुकून राहिला नाही. वडिलांनी हे आईपासून लपवले नाही, आणि आईने दुसऱ्या दिवशी त्या काकांना पुरणपोळीचा डबा पाठवला.

रेसिडेन्सी_परिसर :
फार सुंदर लिहिले आहे. ती खाणावळ अजून आहे का?

सराफ्यातली_पेढी :
नाही. इमारत पाडली गेली. कारागीर आता स्वतःच्या खोल्यांमध्ये स्वयंपाक करतात.

कार्यालयातली_मैत्रीण :
माझ्या विभागात जैन सहकारी बरेच आहेत. त्यांच्यातले काही जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत आणि चातुर्मासात तर हा नियम आणखी काटेकोरपणे पाळतात, म्हणून आमची विभागाची मेजवानी नेहमी दुपारी किंवा संध्याकाळी लवकर ठरते. त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा कांदा, लसूण आणि बटाटा यांशिवायची पावभाजी खाल्ली, ज्यात कच्चे केळे उकडून घातले होते. चव कमी पडेल असे वाटले होते, पण हिंग, टोमॅटो आणि सिमला मिरची यांनी ती पुरेशी भरून काढली. कोणी कुणाला आग्रह करत नाही, नाव ठेवत नाही. फक्त सर्वांना एकत्र बसता येईल अशी वेळ शोधली जाते. एवढ्या साध्या गोष्टीमुळे मला या शहराविषयी आपुलकी वाटते.

एकटीच :
मी थोडा वेगळा अनुभव लिहिते. नोकरी लागल्यावर दुपारच्या सुटीत मी प्रथमच एकटी एका हॉटेलात गेले. तिथल्या व्यवस्थापकाने विचारले, ‘सोबत कोण आहे?’ मी एकटीच आहे म्हटल्यावर मला स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या, पडदा लावलेल्या ‘फॅमिली’ खोलीत बसवले गेले. खिडकीजवळची टेबले रिकामी होती. पुढच्या वेळी मी आत शिरताच खिडकीजवळच जाऊन बसले आणि दाल-पकवान मागवले. मऊ शिजवलेल्या हरभरा डाळीवर चिंचेची आणि हिरवी चटणी, वर बारीक चिरलेला कांदा, आणि तोडताना आवाज करणारे मैद्याचे पकवान. सिंधी कुटुंबांत हा खरे म्हणजे सकाळचा नाश्ता. शेजारच्या टेबलावरच्या सिंधी आजींनी मला सांगितले, ‘बेटा, पकवान आधीच डाळीत बुडवू नको, मऊ पडेल.’ त्या फाळणीनंतर लहानपणी इथे आल्या होत्या. आम्ही नंतर बराच वेळ बोलत बसलो.

लोकमान्यनगरचा :
@एकटीच, ताई, त्या काळी हे सर्रास होत असे. माझ्या बहिणीलाही असेच वागवले गेले होते. तुम्ही खिडकीजवळ बसलात, हे योग्यच केलेत.

पलासियातला_विद्यार्थी :
आमच्यासाठी छप्पन दुकान, म्हणजे खाण्याच्या दुकानांची ती रांग, हेच घर होते. जॉनी हॉट डॉगचा बेंजो, म्हणजे पावात घातलेले ऑम्लेट, हे आम्हा वसतिगृहातल्या मुलांचे रात्रीचे जेवण असे. तिथे शाकाहारी हॉट डॉगही मिळतो, त्यामुळे शाकाहारी मित्रही बरोबर येत. विजय चाट हाऊसचे खोपरा पॅटिस माझ्या रत्नागिरीच्या मित्राने खाल्ले, तेव्हा बटाट्याच्या आवरणात खोबऱ्याचे सारण पाहून त्याला घर आठवले आणि तो थोडा वेळ बोललाच नाही.

उपवासाची_खिचडी :
साबुदाण्याच्या खिचडीचा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. आपली खिचडी तुपात, जिरे, मिरची आणि दाण्याचे कूट घालून परतलेली. सराफ्यातली खिचडी वाफेवर मोकळी ठेवलेली असते आणि मागणी आली की तिच्यात मसाला, लिंबू, फराळी मिक्श्चर आणि बटाट्याचा तळलेला कीस कालवून देतात. माझी आई ती उपवासाला मान्य करत नाही. इतर दिवशी मात्र आवडीने खाते. मला दोन्ही प्रिय आहेत, फक्त त्यांची तुलना करू नये असे वाटते.

साताऱ्याहून_आलेली :
तुमच्या आईंचे बरोबर आहे. मसाल्यात काय काय असते, ते विचारल्याशिवाय उपवासाला घेऊ नये.

रेसिडेन्सी_परिसर :
एक विचारायचे होते. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार चालता येत नाही, आणि सराफ्यातली गर्दी त्यांना सोसवत नाही. त्यांना गराडू खायचे आहेत. कुठे न्यावे?

मालव्यातली :
छप्पन दुकानला न्यावे. 2020च्या नूतनीकरणानंतर तिथे समोरच्या रस्त्यावर वाहने येत नाहीत आणि बसायलाही जागा आहे. संध्याकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी असते. गराडू मात्र थंडीचाच पदार्थ आहे, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत जावे, आणि दोनदा तळलेलाच द्या असे आवर्जून सांगावे, म्हणजे वरून कुरकुरीत आणि आतून मऊ मिळेल.

सराफ्यातली_पेढी :
वहिनी, सासूबाईंना सराफाच पाहायचा असेल, तर ठेले नुकतेच लागत असतात अशा वेळी त्यांना आमच्या पेढीवर आणा. आमच्या ओट्यावर खुर्ची टाकू आणि गराडू तिथेच मागवू.